सरंजाम कीं सार्वभौमत्व ?

बॅरिस्टर म्हटला कीं आपल्याकडील सुशिक्षित कुटुंबांस एखादा गाजलेला खुनाचा खटला किंवा प्रिव्ही कौन्सिलापर्यंत गेलेला दत्तकाचा वाद आठवतो. परंतु ह्या व्यवसायांत एक लहानसा वर्ग असाहि आहे, कीं ज्याचे अशील म्हणजे प्रत्यक्ष राष्ट्रें. त्यांच्या न्यायसभेंत खासगी माणसास उभें राहतां येत नाहीं. १९११ च्या फेब्रुवारींत हेग येथील लवादानें सावरकरांच्या मार्सेल्स येथील अटकेचा निवाडा दिला, त्या वेळीं पक्षकार होते फ्रान्स आणि इंग्लंड. ज्याच्या आयुष्याचा प्रश्न होता तो मराठी तरुण त्या वादांत कोणीच नव्हता. पुढें त्याच हेग शहरीं मराठी कागदांचा न्याय झाला. तो वृत्तांत त्या मानानें कमी लोकांस ठाऊक आहे.

१९५४ च्या जुलै-ऑगस्टांत दादरा व नगर-हवेली येथील पोर्तुगीज अंमल उठला. चोहोंकडून भारतीय मुलुखानें वेढलेल्या ह्या गांवांकडे दमणहून जाण्यास भारतानें मज्जाव केला. पोर्तुगाल १४ डिसेंबर १९५५ रोजीं संयुक्त राष्ट्रसंघांत दाखल झाला, १९ तारखेस त्यानें आंतरराष्ट्रीय न्यायालयाचा अधिकार मान्य केला आणि २२ तारखेस भारतावर फिर्याद गुदरली ! भारतातर्फे ॲटर्नी-जनरल मोतीलाल सेटलवाड उभे राहिले. त्यांच्या जोडीस इंग्लंडचे सर फ्रँक सॉस्किस, ऑक्सफर्डचे प्राध्यापक वॉल्डॉक, बेल्जियमचे आंरी रोलँ व जिनीव्हाचे गुगेनहाइम असे नामांकित कायदेपंडित होते. न्यायपीठावर भारतानें नेमलेले न्यायाधीश म्हणून मुंबईचे बॅरिस्टर छागला बसले.

ह्या धुरंधरांनीं वाद घालावा तो कशावर, तर १७७९ सालीं पुणें दरबारानें पोर्तुगीजांशीं केलेल्या तहावर, आणि १७८३ व १७८५ च्या दोन सनदांवर. त्यांअन्वयें बारा हजार रुपये उत्पन्नाचीं गांवें पोर्तुगीजांस लावून देण्यांत आलीं होतीं. पोर्तुगालचें म्हणणें, हें राज्यदान होय; आणि राज्य आलें तेथें जाण्यायेण्याची वाटहि आलीच. भारताचें म्हणणें, मुळांत तहच पक्का झाला नव्हता. आणि झाला असला तरी मिळाला तो निव्वळ सरंजाम.

भंडाऱ्याकडील वाचकांस हा भेद फोडून सांगावयास नको. त्या जिल्ह्यांत १९५१ पर्यंत गांवोगांव मालगुजार होते. रयतेकडून ते सारा गोळा करीत, सरकारचा हिस्सा भरीत. त्यांच्या वेळचे तलाव अद्यापि माजी मालगुजारी तलाव म्हणून ओळखले जातात. परंतु सारा वसूल करणारा मालगुजार स्वतःस राजा म्हणवूं लागता, तर नागपुरासच काय, साकोलीसहि लोक हंसले असते. मालगुजारी आणि सरंजाम ह्या एकच वस्तु नव्हेत हें खरें. पण उत्पन्नाचा हक्क निराळा व राज्याचा निराळा, एवढें दोहोंत सारखें.

न्यायालयापुढें तहाच्या सतराव्या कलमाचे निरनिराळे पाठ आले. मराठ्यांस मुलूख कायमचा तोडून द्यावयाचा असे तेव्हां त्यांच्या तहांत तशी स्पष्ट भाषा असे, हें इतर तहांवरून दिसून आलें. येथें ती नव्हती. दुसरा मुद्दा आम्हांस अधिक मार्मिक वाटतो. त्या गांवांत बंड झाल्यास तें मोडण्याचा अधिकार मराठ्यांनीं पोर्तुगीजांस मुद्दाम दिला होता. स्वतःच्या राज्यांतील बंड मोडण्यास दुसऱ्याची मुभा कोणास लागते ? हा युक्तिवाद मामलेदार कचेरींतील एखाद्या जुन्या कारकुनासहि सुचावा इतका साधा आहे, आणि म्हणूनच तो अभेद्य ठरला. १२ एप्रिल १९६० च्या निकालांत तह खरा ठरला, पण दिलेली वस्तु सरंजामच ठरली.

तथापि न्यायालय तेथें थांबलें नाहीं. १८१८ सालीं मराठ्यांच्या जागीं इंग्रज आले, त्यांनीं ह्या गांवांवरील पोर्तुगीजांचा एकट्याचा अंमल कधींच हटकला नाहीं. अशा रीतीनें तें सार्वभौमत्व मान्य झालें, व पुढें भारतानेंहि तें मुकाट्यानें पत्करलें, असा त्यानें निर्णय दिला. म्हणजे पेशव्यांच्या दप्तरानें जें दिलें नव्हतें तें इंग्रजी अमदानीच्या मौनानें दिलें ! पुणें दरबाराचे लेखक शब्द तोलून लिहीत होते. त्यांच्यामागून आलेल्या राज्यकर्त्यांस तीं दप्तरें उघडून पाहण्याची गरज भासली नाहीं. खासगी माणसें, मुलकी अधिकारी व माल ह्यांना सव्वाशें वर्षांच्या वहिवाटीमुळें वाट मिळाली. मतें अकरा विरुद्ध चार. सैन्य, सशस्त्र पोलिस व शस्त्रास्त्रें ह्यांना मात्र ती नाकारण्यांत आली, कारण त्यांच्यासाठीं पूर्वीपासून परवानगी लागत असे, आणि १८७८ च्या इंग्रज-पोर्तुगीज तहानेंहि दुसऱ्याच्या मुलुखांत फौज नेण्यावर बंधन होतें. ह्या मुद्द्यावर आठ विरुद्ध सात असा निकाल लागला. एक मत फिरतें, तर सनदांचा इतका खल होऊनहि पोर्तुगीज फौजेस दमणहून वाट द्यावी लागली असती. मज्जाव करण्यांत भारतानें आपलें कर्तव्य मोडलें नाहीं, हें नऊ विरुद्ध सहा मतांनीं ठरलें.

पुढील वर्षीं, १९६१ च्या ऑगस्टांत, दादरा व नगर-हवेली भारतांत रीतसर समाविष्ट झालीं, आणि डिसेंबरांत गोवा मुक्त झाला. पोर्तुगालनें तें सर्व मान्य केलें तें ३१ डिसेंबर १९७४ च्या तहानें. त्या तहाच्या नांवांतच सार्वभौमत्व हा शब्द स्पष्ट घातलेला आहे.