शेवटचा पगार अडकलाय? लॉगिन बंद होण्याआधी आणि नंतर काय करायचं

नोकरी सोडताना एक शब्द कानावर पडतोच: 'एफ अँड एफ', म्हणजे फुल अँड फायनल सेटलमेंट. एचआरवाले सांगतात, "पंचेचाळीस दिवसांत होईल." कुठे साठ, कुठे नव्वद. हे आकडे इतके सर्रास चालतात की ते कायद्यातच असावेत असं आपल्याला वाटतं. तसं नाहीये.

वेतन संहिता 2019 चं कलम 17 सांगतं की राजीनामा दिला, काढून टाकलं, नोकरकपात झाली किंवा कंपनीच बंद पडली, तर बाकी असलेलं वेतन दोन कामकाजाच्या दिवसांत द्यायचं. वेगळी मुदत सरकार ठरवू शकतं, एचआर नाही. ही संहिता 21 नोव्हेंबर 2025 पासून लागू आहे. त्याआधी 1936 चा कायदा होता. त्यातला दोन दिवसांचा नियम मालकाने काढून टाकलेल्यांसाठी होता, आणि तो कायदा महिना 24,000 रुपयांपर्यंत पगार असलेल्यांनाच लागू होता. त्यामुळे बरेचसे सॉफ्टवेअरवाले बाहेरच राहायचे. आता ती मर्यादा गेली. तुम्ही टीम लीड असा नाहीतर मॅनेजर, कर्मचारी म्हणून नियम तुम्हालाही लागू. अप्रेंटिस कायद्याखाली लागलेले मात्र यात येत नाहीत.

आणखी एक कलम फार कमी लोकांना माहीत असतं, 59. पगार मिळाला नाही असा दावा तुम्ही केलात, तर तो दिला होता हे सिद्ध करायची जबाबदारी कंपनीवर असते. पण तुम्ही तिथे कामाला होता, किती पगारावर होता आणि शेवटचा दिवस कोणता, हे तुमच्याकडे हवं. आणि नेमकं तेच सगळं कंपनीच्या लॅपटॉपमध्ये असतं, जो शेवटच्या दिवशी संध्याकाळी सहाला परत करायचा असतो.

लॉगिन चालू आहे तोवर

राजीनाम्याचा मेल पाठवताना सीसीमध्ये स्वतःचा जीमेल टाका. सगळ्यात सोपी आणि सगळ्यात उपयोगी गोष्ट हीच. तारीख, नोटीस पीरियड आणि पुढची सगळी उत्तरं आपोआप तुमच्याकडे येत राहतात. नंतर घाईघाईने ऑफिसचे मेल फॉरवर्ड करत बसलात तर सिस्टिम ते अडवते, वर पॉलिसी मोडल्याचा मेल येतो तो वेगळाच.

ऑफर लेटर, पगारवाढीची पत्रं आणि सगळ्या पेस्लिप डाउनलोड करून घ्या. कीका, ग्रेटएचआर, डार्विनबॉक्स, जे काही असेल त्यातून. शिल्लक रजेचा आणि हजेरीचा स्क्रीनशॉट काढा. आपली कागदपत्रं तेवढी घ्या. कोड, क्लायंटच्या फाइल, डिझाइन यांना हात लावू नका. पगार मागायला गेलात आणि डेटाचोरीचा आरोप अंगावर आला, तर प्रकरण उलटं फिरतं.

लॅपटॉप परत करताना सिरियल नंबरचा फोटो आणि पोचपावती घ्या. कुरियरने पाठवत असाल तर पॅक करतानाचा व्हिडिओही काढा. 'असेट जमा नाही' हे पैसे लटकवायचं आवडतं कारण आहे.

व्हॉट्सअ‍ॅपवर मॅनेजर "पुढच्या आठवड्यात नक्की" असं लिहीत असेल तर ते चॅट सांभाळा. तीन ठिपके, मोर, एक्स्पोर्ट चॅट, आणि ती फाइल स्वतःलाच मेल करा. 'अ‍ॅडव्हान्स्ड चॅट प्रायव्हसी' चालू असेल तर एक्स्पोर्ट होत नाही, मग स्क्रीन रेकॉर्डिंग करा. आपोआप गायब होणारे मेसेज चालू असतील तर त्याच दिवशी करा. आणि तो फोन लगेच विकू किंवा रिसेट करू नका. 1 जुलै 2024 पासून लागू असलेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम 63 प्रमाणे डिजिटल पुराव्यासोबत प्रमाणपत्र जोडावं लागतं, त्यात उपकरणाचा तपशील आणि फाइलची हॅश व्हॅल्यू येते. नुसत्या स्क्रीनशॉटपेक्षा मूळ चॅट असलेल्या फोनचं वजन जास्त.

दोन दिवस उलटल्यावर

फोन करत राहू नका, मेल लिहा. शब्द मोजके: "माझा शेवटचा दिवस अमुक. त्या महिन्याच्या 18 दिवसांचं वेतन 27,000 रुपये आणि शिल्लक रजेचे इतके रुपये बाकी आहेत. वेतन संहितेच्या कलम 17 प्रमाणे दोन दिवसांची मुदत संपली आहे. सात दिवसांत रक्कम जमा करावी. काही कपात असेल तर हिशोब लेखी द्यावा." इंग्रजीत पाठवलात तरी चालेल. राग मात्र काढू नका, हा मेल उद्या अधिकारी वाचणार आहे. माझ्या एका मित्राला चार महिने "फायनान्सकडे आहे" एवढंच उत्तर मिळत होतं. कलमाचा उल्लेख असलेला मेल डायरेक्टरला सीसी करून गेला आणि नवव्या दिवशी पैसे आले. दरवेळी असं होईलच असं नाही, पण खर्च शून्य आहे.

कपातीचा मुद्दा इथेच येतो. एका वेतन कालावधीत सगळी कपात मिळून वेतनाच्या निम्म्यावर जाऊ शकत नाही, म्हणजे वरच्या उदाहरणात 13,500 च्या वर नाही. वस्तू खराब केली म्हणून पैसे कापायचे तर आधी तुमचं म्हणणं ऐकून घ्यावं लागतं. नोटिशीचे दिवस कमी भरले असतील तर कंपनी कराराचं कलम दाखवेल. तेव्हा हिशोब मागा. आणि 'बाँड कोर्टात टिकतच नाही' या रीलवर विसंबू नका. मे 2025 मध्ये सुप्रीम कोर्टाने विजया बँकेचा दोन लाखांचा बाँड वैध ठरवला आहे.

मेलला दाद मिळाली नाही तर तेच पत्र स्पीड पोस्टाने पाठवा. मग जिल्ह्याच्या कामगार आयुक्त कार्यालयात अर्ज द्या आणि शिक्का मारलेली प्रत घ्या. संहितेच्या कलम 45 खाली दावा करायला तीन वर्षं आहेत, आणि अधिकारी मूळ रकमेशिवाय दहापटीपर्यंत भरपाई देऊ शकतो. दहापट ही कमाल मर्यादा आहे हं, लगेच गाडी बुक करू नका. वकील परवडत नसेल तर विधी सेवा प्राधिकरणाचा 15100 हा नंबर आहे. महिलांना उत्पन्न कितीही असलं तरी मोफत मदत मिळते. "एनसीएलटीत खेचतो" अशी धमकी देऊ नका, तिथे किमान एक कोटीची थकबाकी लागते हे कंपनीच्या वकिलाला माहीत असतं.

'कन्सल्टंट' म्हणून लावलेल्यांनी आधी एआयएस उघडून पाहावं. टीडीएस पगारावरचा आहे की व्यावसायिक फीवरचा? फीवरचा असेल तर कंपनी तुम्हाला कर्मचारी मानणारच नाही, आणि मग कायदेशीर नोटीस आणि दिवाणी कोर्ट हा लांबचा रस्ता उरतो.

पीएफ आणि रिलीव्हिंग लेटर

पीएफ कंपनीच्या तिजोरीत नसतो, त्यामुळे 'क्लिअरन्स'च्या नावाखाली तो रोखता येत नाही. कंपनीने सोडल्याची तारीख भरली नाही, तर शेवटच्या वर्गणीनंतर दोन महिन्यांनी यूएएन पोर्टलवर 'मार्क एक्झिट'मधून ती तुम्हीच भरू शकता. पगारातून पीएफ कापला पण पासबुकात दिसत नसेल, तर ईपीएफआयजीएमएसवर तक्रार टाका. पाच वर्षं झाली असतील तर ग्रॅच्युइटीची मुदत वेगळी, 30 दिवस.

बरेच जण गप्प बसतात ते रिलीव्हिंग लेटर अडकेल या भीतीने. आधीच अडवलं असेल तर नव्या कंपनीच्या एचआरला राजीनामा स्वीकारल्याचा मेल, शेवटच्या तीन पेस्लिप, बँक स्टेटमेंट आणि यूएएनची सर्व्हिस हिस्टरी द्या, आणि पत्र का नाही ते जॉइन होण्याआधी सांगून टाका. पडताळणी करणारे बहुतेक वेळा पीएफच्या नोंदीच आधी बघतात.