इंग्रजी स्लँग शब्दांचे अर्थ आणि वापर: ऑफिसच्या 'ईओडी'पासून मुलांच्या 'नो कॅप'पर्यंत

मी पुण्यात सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे आणि माझं गाव टेंभुर्णी, तालुका जाफ्राबाद, जिल्हा जालना. पुण्यात 'टेंभुर्णी' सांगितलं की बहुतेकांना सोलापूर हायवेवरची टेंभुर्णी आठवते. शब्द तोच, पत्ता वेगळा. इंग्रजी स्लँगचंही अगदी असंच असतं. गावाकडून नवीन नोकरीला लागलेली पोरं मला मेसेजचे स्क्रीनशॉट पाठवतात आणि विचारतात, "दादा, याचा अर्थ काय?" अर्थ तर गुगलवरही सापडतो. पण तो शब्द कोणी, कोणाला, कुठे म्हटला हे कळलं नाही तर अर्थ माहीत असूनही गडबड होते. म्हणून या लेखात अर्थासोबत वापरही बघूया.

स्लँग म्हणजे काय?

एखाद्या गटात रोजच्या बोलण्यात रुळलेली, पण अर्जात किंवा परीक्षेत न लिहिली जाणारी भाषा म्हणजे स्लँग. आपल्याकडे 'झोल', 'राडा', 'विषय हार्ड' आहेत ना, तसंच. हे फक्त आजच्या पोरांचं खूळ नाही. 'ओके' हा शब्द १८३९ मध्ये बॉस्टनच्या एका वर्तमानपत्रात 'ऑल करेक्ट'च्या मुद्दाम चुकीच्या स्पेलिंगचं गमतीशीर लघुरूप म्हणून छापला गेला. 'ओएमजी' तर १९१७ मध्ये ब्रिटिश अ‍ॅडमिरल फिशर यांनी विन्स्टन चर्चिल यांना लिहिलेल्या पत्रात सापडतं.

लघुरूपं वाढली ती मोबाइलमुळे. एका एसएमएसमध्ये १४० बाइट म्हणजे ११२० बिट मावतात. इंग्रजी अक्षराला ७ बिट लागतात, म्हणून १६० अक्षरं बसतात. देवनागरीला प्रत्येकी १६ बिट लागतात, म्हणून फक्त ७०. जागा कमी आणि पैसे मेसेजमागे, मग लोक शब्द छाटणारच!

ऑफिसमध्ये ऐकू येणारे शब्द

ईओडी: एंड ऑफ डे, म्हणजे आजचा दिवस संपायच्या आत. पण दिवस कोणाचा? न्यूयॉर्कमध्ये संध्याकाळचे ६ वाजतात तेव्हा आपल्याकडे उन्हाळ्यात पहाटेचे साडेतीन आणि हिवाळ्यात साडेचार झालेले असतात. क्लायंट बाहेरचा असेल तर "भारतीय वेळेनुसार किती वाजेपर्यंत?" हे सरळ विचारा. असं विचारण्यात कमीपणा नाही.

एएसएपी: शक्य तितक्या लवकर. वरिष्ठांनी लिहिलं तर हातातलं काम बाजूला ठेवा असा इशारा. आपण वरिष्ठांना लिहिलं तर हुकूम सोडल्यासारखं वाटतं. त्यापेक्षा "आज ४ पर्यंत मिळेल का?" असं लिहा.

एफवायआय: तुमच्या माहितीसाठी. बहुतेक वेळा उत्तराची अपेक्षा नसते. मात्र वाद चालू असताना वापरलं तर "तुला माहीत नसेल तर सांगतो" असा टोमणा होतो.

पिंग: मेसेज टाकणे. मूळचा नेटवर्कमधला शब्द. समोरचा कॉम्प्युटर उत्तर देतो का हे तपासणारा 'पिंग' प्रोग्राम माइक म्यूस यांनी १९८३ मध्ये लिहिला.

बँडविड्थ आहे का?: वायफायचा वेग विचारलेला नाही. तुझ्याकडे वेळ आहे का, एवढंच विचारलंय.

हे ऑफलाइन घेऊ: इंटरनेट बंद करायचं नाही. हा विषय या मीटिंगमध्ये नको, नंतर वेगळं बोलू.

एलजीटीएम: लुक्स गुड टू मी. कोड तपासणाऱ्याची संमती, पुढे जा.

निट: कोड तपासताना काढलेली किरकोळ खोट. आपलं 'नीट' नाही आणि डॉक्टरकीची परीक्षाही नाही! इंग्रजीत निट म्हणजे उवांची लीख. लिखा वेचल्यासारख्या बारीक चुका काढायच्या, म्हणून हा शब्द. मोठ्या दोषासारखं मनाला लावून घेऊ नका.

मित्रांच्या गप्पांतले शब्द

एलओएल: मोठ्याने हसणे. 'लॉट्स ऑफ लव्ह' समजून कुणाच्या दुःखद बातमीखाली कधीच टाकू नका.

आयडीके, टीबीएच, बीआरबी: अनुक्रमे 'मला माहीत नाही', 'खरं सांगायचं तर', 'आलोच परत'.

गोट: ग्रेटेस्ट ऑफ ऑल टाइम, आजवरचा सर्वात भारी. "सचिन गोट आहे" ही स्तुती आहे. आपल्याकडे मात्र बकरा म्हणजे फसवला गेलेला माणूस. त्यामुळे आजोबांसमोर जपून!

नो कॅप: फेकत नाही, खरंच सांगतोय. 'कॅप' म्हणजे थाप.

सस: संशयास्पद, थोडक्यात 'झोल वाटतोय'. २०२० मध्ये 'अमंग अस' गेममुळे घराघरात पोचला.

घोस्ट करणे: काही न सांगता मेसेज-फोनला उत्तर देणं बंद करणे. आता इंटरव्ह्यूनंतर गप्प बसणाऱ्या एचआरसाठीही वापरतात.

फोमो: सगळे मजा करतायत आणि आपणच मागे राहिलो, ही हुरहुर.

रिझ: समोरच्यावर छाप पाडायची कला. ऑक्सफर्डने २०२३ चा 'वर्ड ऑफ द इयर' म्हणून हाच शब्द निवडला.

आरआयपी: आत्म्यास शांती लाभो. गावच्या ग्रुपवर कुणाचे वडील गेल्याची बातमी येते आणि खाली तीन अक्षरांची रांग लागते. घरच्यांना ते उरकल्यासारखं वाटतं. इथे एक पूर्ण मराठी वाक्य लिहायला दहा सेकंद लागतात, तेवढे द्या.

फक्त भारतात चालणारं इंग्रजी

हे शब्द आपल्याला शुद्ध इंग्रजी वाटतात, पण परदेशी माणूस गोंधळतो. 'प्रीपोन' म्हणजे ठरल्यापेक्षा आधी घेणे. हा आता ऑक्सफर्डच्या शब्दकोशात आहे, तरी बाहेर कमी जणांना कळतो. 'डू द नीडफुल' तिकडे जुनाट वाटतं. सर्वात जास्त जपायचा शब्द 'पास आउट'. परदेशी इंटरव्ह्यूमध्ये "आय पास्ड आउट इन २०१९" म्हणालात तर समोरच्याला ऐकू येतं, "२०१९ मध्ये मी बेशुद्ध पडलो." तिथे 'ग्रॅज्युएटेड' म्हणा.

पालकांनी ओळखायलाच हवेत असे शब्द

मुलाच्या गेममधल्या चॅटमध्ये केवायएस दिसलं तर ती 'जाऊन जीव दे' अशा अर्थाची शिवी आहे. केएमएस म्हणजे 'मी जीव देतो'. बऱ्याचदा होमवर्कला वैतागून गमतीत लिहितात. अनअलाइव्ह हा शब्द मृत्यू किंवा आत्महत्येबद्दल बोलताना अ‍ॅपच्या फिल्टरला चकवण्यासाठी वापरला जातो.

हे शब्द दिसले म्हणून लगेच मोबाइल हिसकावू नका, पण 'पोरांचं काहीतरी' म्हणून सोडूनही देऊ नका. "हे कोणी लिहिलं? तुला कसं वाटतंय?" असं शांतपणे विचारा. काळजी वाटली तर टेली-मानस या सरकारी हेल्पलाइनचा नंबर १४४१६ आहे. सेवा मोफत आहे, २४ तास चालते आणि मराठीतही बोलता येतं.

नवीन शब्द दिसला तर अर्थ कसा शोधायचा?

१. नुसता शब्द नाही, पूर्ण वाक्य बघा. आधीचे दोन मेसेजही वाचा.

२. गुगलवर शब्दापुढे 'स्लँग मीनिंग' लिहून शोधा. नुसतं भाषांतर केलं तर गोटचा बकराच होतो.

३. 'अर्बन डिक्शनरी'वर अर्थ सामान्य लोकच लिहितात. तिथे गंमत आणि अश्लीलपणा दोन्ही असतो. दुसरीकडे पडताळून घ्या.

४. एआय चॅटबॉटला विचारताना कोणी कोणाला म्हटलं तेही सांगा. ऑफिसचा गोपनीय मजकूर मात्र पेस्ट करू नका.

५. तरीही कळलं नाही तर लिहिणाऱ्यालाच विचारा. अंदाजाने केलेलं काम दोनदा करावं लागतं.

वापरताना काय लक्षात ठेवायचं?

शब्द समजणं आणि वापरणं वेगळं आहे. समजायला सगळे हवेत, वापरायला थोडेच पुरतात. समोरच्याने आधी वापरला तरच आपण वापरायचा, हा साधा नियम ठेवा. रेझ्युमे, बँक, कॉलेज आणि सरकारी ईमेलमध्ये स्लँग नकोच. आणि मीटिंगमध्ये चार जण न कळताच मान डोलावत असतील, तर "म्हणजे नक्की काय?" विचारणाऱ्याचे बाकीचे तिघं मनातून आभार मानतात.