गृहशिक्षण : सातारा व सांगली जिल्ह्यांतील परंपरा
शाळेत न जाता घरी, कुटुंबीयांच्या वा खाजगी शिक्षकांच्या साहाय्याने घेतलेले शिक्षण म्हणजे गृहशिक्षण होय. त्यातील विषय, क्रम व गती ही मुलाच्या जिज्ञासेनुसार ठरत असतील, तर त्यास बालकेंद्री गृहशिक्षण म्हणता येते. ही कल्पना अर्वाचीन वाटली, तरी एकोणिसाव्या शतकातील महाराष्ट्रात अनेक मुलींना शिकण्याची हीच एक वाट मोकळी होती. बालविवाहामुळे त्यांचे शालेय वय सासरी जाई आणि स्त्रीने लिहिण्या-वाचण्याने अनर्थ ओढवतो, असा समज दृढ होता. एकाच भूभागातील तीन मुलींच्या शिक्षणावरून या वाटेचे स्वरूप स्पष्ट होते. त्यांपैकी आष्टे व देवराष्ट्रे ही गावे त्या काळी सातारा जिल्ह्यात मोडत. १९४९ मध्ये दक्षिण सातारा जिल्हा वेगळा झाला व १९६० मध्ये त्यास सांगली हे नाव मिळाले.

सावित्रीबाई फुले (१८३१–९७) यांचा जन्म सातारा जिल्ह्यातील नायगावचा. १८४० मध्ये विवाह झाला, तेव्हा त्या निरक्षर होत्या. जोतीरावांनी त्यांना घरीच शिकविले. त्यांच्याकडे आलेली विद्या घरापुरती राहिली नाही. १८४८ मध्ये पुण्यात काढलेल्या मुलींच्या शाळेत त्या शिकवू लागल्या. या कार्यापायी पुढील वर्षी उभयतांना वडिलांचे घर सोडावे लागले. ज्या घराने शिक्षणाला आरंभी जागा दिली, तेच लोकनिंदेपुढे मागे सरले, ही गोष्ट लक्षणीय आहे.

काशीबाई कानिटकर (१८६१–१९४८) आष्टे येथे जन्मल्या. नवव्या वर्षी त्यांचा विवाह झाला. शालेय शिक्षण त्यांना मुळीच मिळाले नाही. पती गोविंद वासुदेव कानिटकर यांच्या प्रोत्साहनाने व स्वतःच्या परिश्रमाने त्या घरीच लिहावयास-वाचावयास शिकल्या. त्यांच्या अभ्यासाला परीक्षा नव्हती, की पदवीची अपेक्षा नव्हती. वाचनातूनच त्या लेखनाकडे वळल्या. डॉ. आनंदीबाई जोशी यांचे त्यांनी लिहिलेले चरित्र १८८९ मध्ये प्रसिद्ध झाले. रंगराव या कादंबरीमुळे मराठीतील आरंभीच्या स्त्री-कादंबरीकारांत त्यांची गणना होते.

रमाबाई रानडे यांचे जन्मगाव देवराष्ट्रे. १८७३ मध्ये, अकराव्या वर्षी, महादेव गोविंद रानडे यांच्याशी त्यांचा विवाह झाला आणि पुण्यास येताच पतीने त्यांच्या शिक्षणास प्रारंभ केला. येथे आरंभीची प्रेरणा शिकणारीची नसून शिकविणाऱ्याची होती. घरातील वडीलधाऱ्या स्त्रियांचा या शिक्षणास, विशेषतः इंग्रजीस, तीव्र विरोध होता. पतीची इच्छा आणि घरातील रोष यांच्या कात्रीत सापडलेल्या मुलीने उलट उत्तर न देता सर्व सोसावे, अशी रानड्यांची अपेक्षा असे. आमच्या आयुष्यातील काही आठवणी (१९१०) या ग्रंथात रमाबाईंनी हा ताण नोंदविला आहे. लादलेला अभ्यास हळूहळू स्वतःचा झाला. पुणे सेवासदनाच्या कार्यात त्याचे फळ दिसते.

शिक्षणाचा केंद्रबिंदू मूल हेच होय, हा विचार भारतात पुढे शास्त्रीय पायावर मांडला गेला. गिजुभाई बधेका व ताराबाई मोडक (१८९२–१९७३) यांनी माँटेसरी पद्धतीस भारतीय रूप दिले. ताराबाईंनी बोर्डी व कोसबाड येथे बालवाडी मुलांच्या अंगणापर्यंत नेली.

२००९ च्या शिक्षण हक्क अधिनियमाने ६ ते १४ वर्षे वयाच्या मुलांना मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा हक्क दिला. त्यात गृहशिक्षणाची स्वतंत्र तरतूद नाही. घरी शिकणाऱ्यांपैकी काही जण राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेच्या परीक्षांचा आधार घेतात. आज शाळा न निवडणारे कुटुंब आणि शाळेची दारे बंद असलेले एकोणिसाव्या शतकातील कुटुंब यांत मोठे अंतर आहे. तथापि दोन्हींना एकच कसोटी लागू पडते : शाळेच्या भिंती नसल्या, म्हणजे मूल आपोआप स्वतंत्र होत नाही. त्याच्या जिज्ञासेस वेळ, पुस्तके आणि निंदेपासून संरक्षण देण्याची घराची तयारी असेल, तरच गृहशिक्षण त्याचे स्वतःचे होते.