देशप्रेम आणि कारण

देशप्रेम म्हणजे आपल्या देशाविषयीची ओढ आणि त्या ओढीपोटी स्वतःहून पत्करलेली जबाबदारी. या ओढीला कारण द्यावे लागते का, हा नीतिविचारातला वादाचा प्रश्न आहे. मराठीत त्याची सुरुवात ‘देश’ या शब्दापासूनच होते. सह्याद्रीच्या पूर्वेकडील पठार म्हणजे देश. कोकणातला माणूस घाट चढून आजही ‘देशावर’ येतो. त्या अर्थाने कोल्हापूर देशावरचे गाव. १ मार्च १९४९ रोजी संस्थान मुंबई प्रांतात विलीन होईपर्यंत इथल्या माणसाच्या मनात छत्रपतींची गादी आणि स्वतंत्र भारत अशा दोन्ही निष्ठा एकत्र नांदत होत्या. संस्थानी प्रजा परिषदेत लढलेले रत्नाप्पा कुंभार संविधान सभेचेही सदस्य होते.

कारण हवे की नको, यावर तत्त्वज्ञांचे एकमत नाही. हॅरी फ्रँकफर्ट यांच्या मते (२००४) आपण एखाद्या गोष्टीवर प्रेम करतो म्हणून ती आपल्याला मोलाची होते. मोल आधी जोखून मग प्रेम जडत नाही. सायमन केलर यांचा आक्षेप (२००५) वेगळा आहे. देशभक्त आपल्या देशाच्या थोरवीवर विश्वास ठेवतो खरा, पण तो पुरावा पाहून नव्हे, आणि म्हणून गैरसोयीचा पुरावा दिसला की तो नजर वळवतो.

दोघांचेही म्हणणे पटायला कोल्हापूरच्या शाहू स्टेडियमवरचा एक फुटबॉल सामना पुरे. पेठेतले पोर आपल्या तालमीच्या संघामागे उभे राहते ते संघ सरस आहे म्हणून नाही, त्या पेठेत जन्मले म्हणून. संघ हरला तरी पुढच्या सामन्याला तोच झेंडा खांद्यावर असतो. इथवर फ्रँकफर्ट बरोबर. पण आपल्या खेळाडूने समोरच्याला पाडले आणि पंचाने कार्ड काढले की सारी गॅलरी पंचावर उठते. पाय कुणी घातला हे डोळ्यांदेखत घडूनही दिसत नाही. केलर यांना भीती वाटते ती याची.

या वादात सहसा न विचारला जाणारा प्रश्न डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी १४ ऑगस्ट १९३१ रोजी मुंबईच्या मणिभवनात गांधीजींपुढे ठेवला. जिथे माणसाला जनावराहून हीन वागवतात, प्यायला पाणी देत नाहीत, ती भूमी स्वाभिमानी अस्पृश्याने आपली कशी म्हणावी? देशप्रेमाला कारण लागत नाही, हे म्हणणे ज्याला पाणवठ्यावर कुणी अडवले नाही त्याला सोपे जाते. अडवलेल्याने कारण मागितले तर तो त्याचा हक्कच आहे, आणि उत्तर देण्याचे ओझे त्याच्यावर नाही, देशावर आहे.

कोल्हापुरात हे उत्तर आधीच दिले जात होते. राजर्षी शाहू महाराजांनी १९०२ मध्ये संस्थानच्या नोकऱ्यांत मागास वर्गांसाठी निम्म्या जागा राखल्या. मार्च १९२० मध्ये माणगावच्या अस्पृश्य परिषदेला ते स्वतः गेले आणि तिथे जमलेल्यांना तरुण आंबेडकरांकडे बोट दाखवून, हा तुमचा पुढारी, असे सांगितले. पण त्यांच्या उत्तराचा खरा अर्थ कळतो तो गंगाराम कांबळे यांच्या हकिकतीत. राजवाड्याच्या पागेत कामाला असलेल्या गंगाराम यांना सवर्णांच्या पाण्याला हात लावला म्हणून बेदम मारहाण झाली. महाराजांनी त्यांना भाऊसिंगजी रस्त्यावर चहाचे हॉटेल काढायला मदत केली. महाराच्या हातचा चहा प्यायला गिऱ्हाईक फिरकेना. तेव्हा महाराज गाडी हॉटेलसमोर थांबवायला लावत, चहा मागवत आणि सगळ्यांच्या देखत पीत. बरोबरच्या मंडळींनाही पिणे भाग पडे. महाराज १९२२ मध्ये वारले. त्यानंतर कोल्हापुरात त्यांचे स्मारक व्हावे म्हणून जे पुढे सरसावले, त्यांत गंगाराम कांबळे होते.