मागणीच्या पोटातली मागणी

पावसाळा सरला की मेळघाटातल्या सेमाडोहच्या सागवनात झाडांच्या बुंध्यांना कॅमेरे बांधले जातात. व्याघ्रगणनेच्या पद्धतीनुसार जंगलाचे दोन दोन चौरस किलोमीटरचे चौकोन पाडतात आणि प्रत्येक चौकोनात कॅमेऱ्यांची एक जोडी लावतात. वाटेच्या दोन्ही अंगांना कॅमेरा असला, की वाघाच्या दोन्ही कुशींवरचे पट्टे टिपले जातात. २०१८ च्या देशव्यापी गणनेत असे कॅमेरे २६,८३८ ठिकाणी लागले. त्यांनी ३ कोटी ४८ लाखांहून अधिक छायाचित्रे काढली, आणि त्यांतली वाघांची होती ७६,६५१. उरलेल्यांत बिबटे, सांबरे, गुरे, माणसे असे सगळेच आले. उपयोगाचे असो वा नसो, प्रत्येक छायाचित्र आधी एका मेमरी कार्डावर साठवावे लागले.

त्या कार्डातली चिप ‘नँड’ जातीची असते. तिच्यात साठवणीचे थर एकावर एक रचलेले असतात. आजच्या चिपांत ते दोनशेच्याही पुढे गेले आहेत. या सगळ्या थरांतून आरपार जाणारी, केसाहून कितीतरी बारीक अशी अब्जावधी छिद्रे प्लाझ्माने कोरावी लागतात. ते कोरीवकाम करणारी यंत्रे जगात मोजक्याच कंपन्या बनवतात. अमेरिकेची लॅम रिसर्च त्यांत आघाडीवर आहे आणि जपानची टोकियो इलेक्ट्रॉन तिला टक्कर देते आहे. म्हणजे कार्ड घेणारा वनविभाग ही पहिली पायरी, चिप बनवणारा कारखाना ही दुसरी आणि त्या कारखान्याला यंत्र विकणारा ही तिसरी. पुढच्या पानांचा विषय ही तिसरी पायरी आहे. इथे भांडवल गुंतवू पाहणाऱ्या, किंवा निदान ती समजून घेऊ पाहणाऱ्या मराठी वाचकाचे या क्षेत्रात मनापासून स्वागत. वाणिज्य शाखेचे शिक्षण झालेल्याला इथे परके वाटेल असे फारसे काही नाही. भौतिकशास्त्र लागते तेवढे वाटेत भेटते.

सुरुवातीलाच एक मोह दूर सारला पाहिजे. सेमाडोहहून धारणीकडे जाताना लागणारे हरिसाल २०१६ मध्ये राज्य सरकार आणि मायक्रोसॉफ्ट यांच्या उपक्रमातून ‘डिजिटल गाव’ म्हणून पुढे आले. मेळघाटासारख्या डोंगराळ मुलखातही चिपांची गरज वाढते आहे, मग जगात ती किती वाढत असेल! तेव्हा चिपा बनवणारी यंत्रे जे विकतात त्यांचे शेअर घ्यावेत आणि निवांत बसावे, असा हिशेब सहज सुचतो. हा हिशेब अपुरा आहे. यंत्र विकणाऱ्याचा धंदा चिपांची मागणी किती आहे यावर ठरत नाही, ती मागणी किती वेगाने बदलते आहे यावर ठरतो. या क्षेत्रात एकच गोष्ट लक्षात ठेवायची असेल तर ही ठेवावी.

वऱ्हाडातल्या माणसाला हे जिनिंगवरून चटकन समजेल. समजा, एखाद्या पट्ट्यात मिळून शंभर रेचे, म्हणजे कापसातून सरकी वेगळी करणारी यंत्रे, चालतात आणि त्यांतले दहा दरवर्षी झिजून बदलावे लागतात. रेचे बनवणाऱ्याला वर्षाला दहाची ऑर्डर मिळते. एका वर्षी कापूस दहा टक्क्यांनी वाढला, तर दहा रेचे बदलायचे आणि दहा नवे लागायचे, म्हणून ऑर्डर वीसवर गेली. कापूस दहा टक्के वाढला, पण रेचेवाल्याचा धंदा दुप्पट झाला. पुढच्या वर्षी कापूस तेवढाच आला, कमी झाला नाही, फक्त वाढायचा थांबला. ऑर्डर पुन्हा दहावर आली. शेतकऱ्याचे उत्पन्न तसेच राहिले, जिनवाल्याचे काम तसेच राहिले, आणि रेचे बनवणाऱ्याचा धंदा मात्र निम्म्यावर आला. अर्थशास्त्रात याला प्रवेग तत्त्व म्हणतात. फ्रान्सचे आफ्तालियाँ आणि अमेरिकेचे जॉन मॉरिस क्लार्क यांनी विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात त्याची मांडणी केली.

प्रत्यक्ष जिनिंगमध्ये आणखी एक घटक आहे, तो म्हणजे सरकार. फेब्रुवारी २००० मध्ये केंद्राने कापसासाठी टेक्नॉलॉजी मिशन सुरू केले. त्यात जुने जिनिंग-प्रेसिंग कारखाने आधुनिक करायला अनुदान होते आणि देशभरातल्या शेकडो कारखान्यांनी त्या दशकात यंत्रसामग्री बदलली. त्या वर्षांतली यंत्रांची मागणी कपाशीच्या बोंडांपेक्षा अनुदानाच्या मंजुरीतून आलेली होती. नागपूरची बजाज स्टील इंडस्ट्रीज जिनिंगची यंत्रे बनवते, आफ्रिकेतही पाठवते, आणि तिची नोंदणी मुंबई शेअर बाजारात आहे. नेदरलँड्समधल्या एएसएमएलसारख्या चिपयंत्रांच्या कंपनीचा ताळेबंद उघडण्याआधी वाचकाने या शेजारच्या कंपनीचे दहा-पंधरा वर्षांचे अहवाल सलग वाचावेत अशी माझी आग्रहाची सूचना आहे. विक्रीचे आकडे कपाशीच्या पेऱ्याशी जुळवून पाहावेत. कुठे जुळतात आणि कुठे फारकत घेतात हे स्वतः शोधण्यात जे शिकायला मिळते, ते कुठल्याही पाठ्यपुस्तकात मिळायचे नाही.

आता चिपांकडे वळू. २००९ च्या मंदीत जगातली चिपांची विक्री सुमारे ९ टक्क्यांनी घटली. त्याच वर्षी चिपा बनवण्याच्या यंत्रांची विक्री सुमारे ४६ टक्क्यांनी कोसळून २९.५ अब्ज डॉलरवरून १५.९ अब्जांवर आली. पुढच्या वर्षी चिपा ३२ टक्क्यांच्या आसपास वाढल्या आणि यंत्रांची विक्री अडीच पटींनी उसळून ३९.५ अब्ज डॉलर झाली. त्याआधी २००० मध्ये इंटरनेटच्या लाटेत ४७.७ अब्जांवर गेलेला हाच आकडा दोन वर्षांत १९.७ अब्जांवर आला होता. आधी दिलेले रेच्यांचे उदाहरण इथे जगाच्या मापात दिसते.

मग २०२३ साल येते आणि हाच नियम उलटा पडल्यासारखा वाटतो. त्या वर्षी चिपांची विक्री सुमारे ८ टक्क्यांनी घटली, पण यंत्रांची विक्री जेमतेम एका टक्क्याने खाली आली आणि १०६ अब्ज डॉलरच्या वर टिकून राहिली. असे का झाले, हा या विषयातला सर्वांत रसाळ प्रश्न आहे, म्हणून त्यावर थोडे थांबतो.

महामारीनंतर फोन आणि संगणकांची मागणी ओसरली. मेमरी चिपांचे भाव पडले आणि त्या बनवणाऱ्यांनी नवी गुंतवणूक आवळून धरली. जगात मेमरीचा वापर काही बंद पडला नाही. कार्डे विकली जात होती, कॅमेरे चालू होते. थांबली ती नवे थर चढवण्याची घाई. ज्यांचे पोट नँडवर होते त्यांना हा फटका थेट बसला. लॅम रिसर्चची विक्री जून २०२३ ला संपलेल्या वर्षातल्या १७.४ अब्ज डॉलरवरून पुढच्या वर्षी १४.९ अब्जांवर आली. पण त्याच काळात चीन दोन्ही हातांनी यंत्रे घेत होता. ७ ऑक्टोबर २०२२ ला अमेरिकेने प्रगत चिपांची यंत्रे चीनला विकण्यावर निर्बंध घातले आणि २०२३ मध्ये जपान व नेदरलँड्सनेही आपापले नियम कडक केले. उद्या दार आणखी बंद होईल या धास्तीने चिनी कारखान्यांनी जुन्या पद्धतीच्या, पण निर्बंधांत न बसणाऱ्या यंत्रांची मोठी खरेदी केली. २०२४ मध्ये जगभरात ११७ अब्ज डॉलरची यंत्रे विकली गेली आणि त्यांतली चाळीस टक्क्यांहून अधिक एकट्या चीनने घेतली. दुसऱ्या बाजूला कृत्रिम बुद्धिमत्तेसाठी लागणाऱ्या चिपा आणि त्यांना जोडलेली जलद मेमरी यांची मागणी उसळली. एकाच वर्षात एक खोली रिकामी होत होती आणि दोन भरत होत्या, आणि एकूण बेरीज पाहणाऱ्याला घर स्थिर दिसत होते.

म्हणून ‘यंत्र कंपन्या’ असा एकच गट मानून गुंतवणूक करू नये. लॅमची नाळ मेमरीशी जास्त जोडलेली आहे. केएलए ही तपासणी आणि मोजमापाची यंत्रे करते. कारखाना कुठल्याही चिपांचा असो, दोष शोधावेच लागतात. १९६७ मध्ये स्थापन झालेल्या अप्लाइड मटेरियल्सकडे थर चढवण्यापासून घासण्यापर्यंतची बहुतेक कामे आहेत. या कंपनीची यंत्रे आयआयटी मुंबईच्या प्रयोगशाळेतही आहेत आणि आपल्याकडच्या मुलांनी त्यांवर हात बसवला आहे.

नेदरलँड्सच्या एएसएमएलबद्दल मात्र थोडे सविस्तर लिहायला हवे. १९८४ मध्ये फिलिप्स आणि एएसएम इंटरनॅशनल यांनी मिळून ती काढली. आज १३.५ नॅनोमीटर तरंगलांबीच्या प्रकाशाने चिपांवर नक्षी उमटवणारी यंत्रे जगात फक्त तीच बनवते. कथिलाचे थेंब सेकंदाला सुमारे पन्नास हजार या गतीने सोडायचे, प्रत्येकावर लेझर मारायचा, त्यातून निघालेला प्रकाश झाइसच्या आरशांवरून खाली आणायचा, असे हे काम आहे. प्राथमिक नमुने २००६ मध्ये दोन संशोधन संस्थांना दिले गेले, आणि मोठ्या उत्पादनात हे तंत्र २०१९ च्या सुमारास आले. मधल्या काळात, २०१२ मध्ये, इंटेल, टीएसएमसी आणि सॅमसंग या ग्राहकांनीच कंपनीत मिळून २३ टक्के वाटा घेऊन संशोधनाला पैसा पुरवला. ग्राहकाने विक्रेत्याला तगवून धरावे इतकी ही गरज खोल होती. तरी या मक्तेदारीला अढळ मानू नये. याच कामात अमेरिकेची जीसीए कधीकाळी पहिली होती. तिला निकॉनने मागे टाकले आणि निकॉनला एएसएमएलने.

आणि मक्तेदार असूनही धक्का कसा बसतो हे १५ ऑक्टोबर २०२४ ला दिसले. एएसएमएलचे तिमाही निकाल चुकून एक दिवस आधी जाहीर झाले. विक्री अंदाजाहून चांगली होती. पण नव्या ऑर्डरी २.६ अब्ज युरोच्या निघाल्या, अपेक्षेच्या निम्म्याहूनही कमी, आणि शेअर एका दिवसात सुमारे १६ टक्के पडला. विक्री म्हणजे दीड-दोन वर्षांपूर्वीच्या निर्णयांचे फळ, ऑर्डर म्हणजे आजचा निर्णय. बाजार आजच्याला भाव देतो. क्षमता नेहमी उशिरा येते, हेही इथे ध्यानात घ्यावे. अमेरिकेतल्या यादवी युद्धाने १८६१ ते ६५ या काळात वऱ्हाडच्या कापसाला सोन्याचे दिवस आणले, पण खामगावला रेल्वेचा फाटा पोचला १८७० मध्ये, भाव उतरून गेल्यावर.

यंत्र विकणारा कुणाच्या बाजूचा असतो, हा प्रश्नही जुनाच आहे. इंग्लंडमधल्या ओल्डहॅमची प्लॅट ब्रदर्स एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस कापड यंत्रांची जगातली सर्वांत मोठी कंपनी होती. तिने लँकेशायरला यंत्रे विकली आणि लँकेशायरच्या प्रतिस्पर्ध्यांनाही विकली. भारत आणि जपान त्याच यंत्रांवर उभे राहिले. १९२९ मध्ये प्लॅटनेच जपानच्या टोयोडाकडून स्वयंचलित मागाचे हक्क एक लाख पौंडांना विकत घेतले. आज चीनला यंत्रे विकणाऱ्या कंपन्यांचे अहवाल वाचताना मला प्लॅट आठवते. चीन आपली यंत्रे आपणच बनवायला लागला आहे, आणि निर्बंधांनी त्या कामाला जोर दिला आहे, थांबवलेले नाही. पाच वर्षांपलीकडची गुंतवणूक करणाऱ्याने हा धोका कुठल्याही तिमाही आकड्याहून मोठा मानावा, असे माझे मत आहे.

दिलासा देणारी बाजू देखभालीच्या उत्पन्नाची आहे. विकलेली यंत्रे वर्षानुवर्षे चालतात; त्यांना सुटे भाग, दुरुस्ती, सुधारणा लागतात. एएसएमएलच्या २०२४ च्या २८.३ अब्ज युरो विक्रीत असे उत्पन्न ६.५ अब्ज होते. नव्या ऑर्डरी आटल्या तरी हा ओघ सहसा आटत नाही, म्हणून मंदीत कंपनी तोलताना आधी तो पाहावा.

भारतात या घडीला खरेदीदाराची बाजू उभी राहते आहे. १ जानेवारी १८७७ ला जमशेटजी टाटांची एम्प्रेस मिल नागपुरात सुरू झाली ती परदेशी यंत्रांवर, कापूस आपल्या भागातला. आता टाटांचा धोलेऱ्याचा ९१,००० कोटी रुपयांचा चिप कारखाना तैवानच्या पीएसएमसीच्या तंत्रावर उभा राहतो आहे, आणि यंत्रांसाठी टाटा इलेक्ट्रॉनिक्सने टोकियो इलेक्ट्रॉनशी २०२४ मध्ये करार केला. या यंत्रांच्या जगातल्या आघाडीच्या कंपन्यांपैकी एकही आपल्या शेअर बाजारात नाही. नावामुळे त्या जातीच्या वाटणाऱ्या छोट्या कंपन्या आहेत. त्यांच्या अहवालात यंत्रांच्या विक्रीतून आलेला रुपया किती, हे पाहिल्याशिवाय हात घालू नये.

थेट परदेशात गुंतवायचे तर रिझर्व्ह बँकेच्या उदारीकृत योजनेत माणशी वर्षाला अडीच लाख डॉलरची मर्यादा आहे. सध्या वर्षात दहा लाख रुपयांवर रक्कम पाठवली की गुंतवणुकीसाठी वरच्या रकमेवर २० टक्के कर आगाऊ कापला जातो. तो विवरणपत्र भरताना वळता होतो, पण तोवर पैसा अडकतो. विवरणपत्रात परदेशी मालमत्तेचे परिशिष्ट भरावेच लागते. आणखी एक गोष्ट घरातल्यांना सांगून ठेवावी: अमेरिकी कंपन्यांचे शेअर साठ हजार डॉलरहून अधिक असताना मालकाचा मृत्यू झाला, तर वारसांना तिथला वारसा कर लागू शकतो, मालक भारतात राहणारा असला तरी.

एएसएमएल २०२६ पासून तिमाही ऑर्डरींचा आकडा देणे बंद करत आहे. ज्या आकड्याने ऑक्टोबर २०२४ मध्ये बाजार हादरला, तोच आता मिळणार नाही. त्यामुळे अभ्यासकाने विक्रेत्याऐवजी ग्राहकाकडे पाहायची सवय लावून घ्यावी. टीएसएमसी दर जानेवारीत येत्या वर्षाच्या भांडवली खर्चाचा अंदाज सांगते. मायक्रॉन, सॅमसंग आणि एसके हायनिक्स मेमरीवर किती खर्च करणार हे आपापल्या निकालांसोबत बोलतात. हे आकडे एका वहीत शेजारी शेजारी लिहीत जावेत आणि त्यांच्यापुढे लॅम, अप्लाइड आणि एएसएमएल यांची वर्षभरानंतरची विक्री मांडावी. पहिले प्रकरण याच वहीपासून सुरू होते.