मुक्काम पोस्ट ४७ जे

कुठल्याही मराठी घराण्याचा इतिहास पानिपतावर सुरू होतो आणि भाऊबंदकीपाशी येऊन थांबतो. मधल्या काळात काय झाले ते कोणालाच ठाऊक नसते, आणि त्यावाचून कोणाचे अडतही नाही. पानिपतावर आपला पूर्वज होता याबद्दल कोणत्याही घरात दुमत आढळत नाही. तो लढायला गेला होता की बाजारबुणग्यांत होता, एवढा किरकोळ तपशील तेवढा खापरपणजोबांबरोबर गेलेला असतो.

आमच्या घराण्याला तर इतिहास सांगण्याची विशेष सोय आहे. आमचे मूळ गाव पाण्याखाली आहे. इंदापूर तालुक्यात, भीमेच्या काठी होते. १९८० साली उजनीचे धरण पुरे झाले आणि भीमाकाठची कितीतरी गावे त्याच्या पोटात गेली, त्यात आमचेही गेले. साक्षीदारच बुडाल्यावर साक्ष कोणी कशी का देईना! आमच्या काकांनी वाड्याचे चौक सांगितले की दरवर्षी एक वाढायचा. मी मॅट्रिकला असताना दोनचौकी असलेला वाडा माझ्या लग्नापर्यंत चारचौकी झाला होता. (गावाचे नाव मी मुद्दामच सांगत नाही. गाव बुडाले असले तरी भाऊबंद कोरडे आहेत.)

या सगळ्यावर पाणी पडले ते एका पत्र्याच्या नळकांड्यामुळे. आमच्या शेजारी पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले एक गृहस्थ राहतात. वय पंच्याऐंशीच्या घरात. घर आवरताना त्यांच्या सुनेने ते नळकांडे रद्दीवाल्याच्या तागडीत घालायला काढले, आणि त्यातून निघालेला कापडावर चिकटवलेला नकाशा पाहून त्यांनी मला हाक मारली. "तुमचा तालुका आहे बघा," म्हणाले. इंग्रजी अमदानीतला, इंचाला मैल मापाचा सर्व्हे ऑफ इंडियाचा नकाशा! घड्यांवर विरलेला, एका कोपऱ्यावर चहाच्या कपाचे गोल वर्तुळ. ते वर्तुळ मी आधी तलाव समजलो होतो, पण त्याला नाव नव्हते.

आता या नकाशांची एक गंमत आहे. गावाला तालुका, जिल्हा, पोस्ट असा आपला पत्ता. पण सर्व्हेवाल्यांच्या लेखी सगळा देश म्हणजे एक चौकटीचा कागद. चार अंशांच्या मोठ्या चौकोनाला आकडा, त्यातल्या एकेक अंशाच्या चौकोनाला ए पासून पी पर्यंत अक्षर, आणि त्याच्याही आत पुन्हा सोळा तुकडे. पुणे हे ४७ एफ. आमचे घराणे, पानिपतासकट, ४७ जे. कुलदैवत विचारले तर सांगता येते, गोत्र विचारले तर आठवून सांगता येते. पण आपण मूळचे ४७ जे चे, हे मला पन्नाशी उलटल्यावर समजले.

हे नकाशे करणाऱ्यांच्या चिकाटीला मात्र हात जोडले पाहिजेत. १८०२ साली लॅम्टनसाहेबाने मद्रासजवळ जमिनीवर साखळी टाकून पहिली पायारेषा मोजली आणि तिच्यावर त्रिकोणाला त्रिकोण जोडत ही मंडळी हिमालयापर्यंत गेली. कोन मोजायचे त्यांचे यंत्र अर्ध्या टनाचे. १८०८ साली तंजावरच्या देवळाच्या शिखरावर ते चढवताना दोर तुटला आणि यंत्र भिंतीवर आपटले. दुसरा कोणी असता तर "देवाचीच इच्छा नाही" म्हणून पेन्शनीवर गेला असता. लॅम्टनने तंबूत बसून ते स्वतः ठोकून ठोकून सरळ केले आणि पुढचा त्रिकोण धरला.

तर असा तो नकाशा मी दिवाणखान्यात अंथरला, चारी कोपऱ्यांवर वाटी, भांडे, अडकित्ता आणि पंचांग ठेवले आणि घराण्याचा इतिहास तपासायला बसलो.

पहिला बळी गेला तो बुद्रुकचा. आम्ही मूळचे बुद्रुकचे, खुर्दचे नव्हे, हे आमच्याकडे मुंजीतल्या बटूलाही पढवतात. बुद्रुक म्हणजे फारसीतले बुजुर्ग, थोरले गाव. खुर्द म्हणजे धाकटे. नकाशात पाहतो तो खुर्दात घरांचे चांगले सात-आठ ठिपके, देऊळ, विहिरी. आणि आमचे थोरले गाव तीन ठिपक्यांत आटोपलेले. त्या तीन ठिपक्यांत चारचौकी वाडा बसवायचा म्हणजे उरलेल्या गावाला नदीत उभे करावे लागेल.

मग आजोबांची शाळा. आजोबा रोज चार कोस चालत शाळेला जात, ही गोष्ट आम्हां नातवंडांना इतक्या वेळा ऐकवली गेली आहे की आमच्यापैकी कोणीही रिक्षात निर्धास्त बसू शकत नाही. कोस म्हणजे ढोबळ दोन मैल. एकंदर आठ मैल झाले. मी बायकोच्या शिवणाच्या डब्यातून दोरा घेतला आणि ठिपक्याठिपक्यांच्या पायवाटेवरून, वळणावळणाने, प्रामाणिकपणे फिरवला. पट्टीवर धरला. एक मैल आणि तीन फर्लांग. दुसऱ्यांदा मोजले तर अर्धा फर्लांग आणखी कमी भरले, म्हणून तिसऱ्यांदा मोजलेच नाही.

तिसरी गोष्ट आगगाडीची. आजोबांनी शेतातून पागोटे हलवले की सोलापूरकडे जाणारी गाडी थांबे, असे म्हणतात. इथे मात्र नकाशाने सरकारी खाक्या दाखवला. रूळ आमच्या शिवाराला खेटून गेलेले स्पष्ट दिसतात. गाडी थांबे की नाही याबद्दल मौन. पण त्या रुळांवर बोट फिरवताना निराळेच काही लक्षात आले. पुण्याहून डिकसळपर्यंत गाडी आली १८५८ साली, आणि भीमा ओलांडून ती पुढे बार्शी रोडला गेली दुसऱ्याच वर्षी. उजनीचे पाणी येणार म्हटल्यावर तो रस्ताच उचलून बाजूला न्यावा लागला. डिकसळचा जुना रेल्वेपूल मग मोटारींच्या आणि बैलगाड्यांच्या वाट्याला आला. म्हणजे आज भिगवणवरून सोलापूरला जाताना आपण खिडकीतून पाहतो ती आजोबांची वाट नव्हेच. त्यांनी पागोटे हलवले असेल ते ज्या रुळांकडे पाहून, ते बरेचसे पाण्याखाली.

हे नकाशे पूर्वी सहजासहजी हाती लागत नसत. आपल्याच गावच्या विहिरीला शत्रूपासून जपायचे म्हणून ती आपल्यापासूनही लपवून ठेवायची, असा तो कारभार होता. २००५ सालच्या नकाशा धोरणाने लष्करी नकाशे आणि लोकांसाठीचे नकाशे वेगळे केले आणि २०१७ पासून लोकांसाठीचे नकाशे घरबसल्या फुकट उतरवून घेता येऊ लागले. पण ते नवे. त्यांत आमच्या गावाच्या जागी निव्वळ निळा रंग. जुने गाव पाहायचे तर माझ्या भाच्याने युक्ती सांगितली. अमेरिकन सैन्याने पन्नासच्या दशकात आपल्याकडच्या नकाशांवरून अडीच लाखास एक मापाचे नकाशे छापले होते, ते टेक्सासच्या विद्यापीठाने सगळ्या जगाला पाहायला खुले ठेवले आहेत. पाहिले तर खरेच, तिथे भीमा धरणावाचून खळखळत वाहते आहे! इंदापूर तालुक्यातून बुडालेली भीमा टेक्सासात कोरडी ठणठणीत सुखरूप आहे.

इंदापूर तालुक्याला मोजणीचे तसे नवे काही नाही. पेशवाई गेल्यावर प्रिंगलसाहेबाने दख्खनच्या जमिनी मोजल्या आणि असा काही सारा बसवला की लोक जमिनी टाकून निघून गेले. मग १८३६ च्या सुमारास गोल्डस्मिड आणि विंगेट या दोघांनी ते सगळे निस्तरून, दर उतरवून, तीस वर्षांचा बंदोबस्त केला. तो पहिल्यांदा लागू झाला तो इंदापूरलाच. मुंबई इलाख्याची पुढची सगळी जमाबंदी त्याच धर्तीवर झाली. सर्व्हे नंबर, सातबारा ही आपली नित्याची डोकेदुखी त्या कुळातली. पण सातबारा आणि हा इंची नकाशा यांचे एकमेकांशी बोलणे नाही. सातबारा सांगतो जमीन कोणाची. तिच्यावरचा ओढा कसा वळतो ते त्याला माहीत नाही. नकाशाला ओढ्याचे प्रत्येक वळण माहीत, पण मालक कोण याच्याशी त्याला कर्तव्य नाही. आमच्या घरातही साधारण असेच दोन पक्ष आहेत.

आणि आता जरा अवघड विषयाला येतो. आमच्या थोरल्या घरचे आणि धाकट्या घरचे येणे-जाणे धरणापासून बंद होते. कारण एकच वाक्य. "पाणी ओट्याला लागलंच नसतं, दादा भिऊन आधीच उठला." दादा म्हणजे आमचे आजोबा. त्यांनी नोटीस येताच मोबदला घेतला, वाड्याचे सागवान उतरवले आणि वर माळावर बिऱ्हाड केले. त्यांचे पाहून बाकीचेही उठले. थोरल्या घरच्यांच्या मते थोडे नेट धरले असते तर निदान घरे राहिली असती. आजोबा वारले तेव्हाही हे वाक्य कोणीतरी अंगणात पुटपुटले होते. आत्याने ते ऐकले होते.

नकाशावर तपकिरी रेषा असतात, समान उंचीच्या. या नकाशात दर पन्नास फुटांना एक. आमच्या गावाला सोळाशे फुटांची रेषा चाटून जाते आणि साडेसोळाशेची पार वर माळावर आहे. मी शेजाऱ्यांना विचारले, "उजनी भरल्यावर पाण्याची पातळी किती?" वयाच्या पंच्याऐंशीव्या वर्षी त्यांना सकाळी काय खाल्ले ते आठवत नाही, पण हे त्यांनी तडक सांगितले, "चारशे शहाण्णव पूर्णांक त्र्याऐंशी मीटर." फुटांत केले तर सोळाशे तीस. मी दोन रेषांच्या मधून अंदाजाने निळ्या पेन्सिलीने पाण्याची कड काढत गेलो. मारुतीचे देऊळ आत गेले. शाळा आत गेली. वाडा, मग तो एकचौकी असो की चारचौकी, पंचवीस-तीस फूट पाण्याखाली गेला. नेट धरून बसलेल्या माणसाला माळ्यावर नव्हे, आंब्याच्या शेंड्यावर बसावे लागले असते. आणि आजोबांनी जिथे बिऱ्हाड केले तो माळ माझ्या पेन्सिलीच्या रेषेपासून दोन सुतांवर, कोरडा. त्यांनी नकाशा कधी पाहिला नव्हता.

आत्या अठ्ठ्याऐंशी वर्षांची आहे. तिला नकाशा दाखवला तेव्हा तिने आधी चष्मा पुसला, मग नकाशा पुसला. शाळेचे एक मैल तीन फर्लांग मी जरा भीतभीतच सांगितले.

"आरं, त्यो सायब घोड्यावरनं मोजत ग्येला आसंल," ती म्हणाली. "दादा अनवानी जायचा."

निळी रेषा मात्र तिने खूप वेळ पाहिली. त्यावर काही बोलली नाही. मग तिचे बोट सरकत सरकत एका काळ्या रेघेवर आले. या नकाशांत बारमाही पाण्याला निळा रंग आणि कोरड्या ओढ्याला काळा. तो आमचा काळा ओढा, ज्याला नकाशात नावही नाही आणि ज्याच्यावर आता वर्षाचे बारा महिने कोणाचे ना कोणाचे पाणी उभे असते. "ह्यो सतीचा वढा," आत्या म्हणाली. "हितनं तिसरी हीर आमची. आईला हितंच थारोळ्यापाशी ठिवलीती." विहिरीचे तिथे टाचणीच्या डोक्याएवढे वर्तुळ होते. मी पेन्सिलीने बारीक अक्षरात नाव लिहिले.

उजनीची क्षमता सुमारे ११७ टीएमसी, त्यातला निम्म्याहून जास्त मृतसाठा, म्हणून हे धरण शून्याच्याही खाली जाऊ शकते. शाळेत मला गणितात शून्याखाली कोणी नेले नाही. उजनी २०२४ च्या उन्हाळ्यात उणे साठ टक्क्यांच्या आसपास गेली. अशा वर्षी पळसदेवचे जुने देऊळ पाण्यातून वर येते आणि लोक होड्या करून दर्शनाला जातात. एरवी लोक येतात ते भिगवणला रोहित पक्षी पाहायला. त्यातला एखादा एका पायावर उभा असतो तो आमच्या शिवाराच्या वर, असे मला हल्ली वाटू लागले आहे, पण फोटो काढणाऱ्यांना सांगून उपयोग नसतो.

निळ्या रेषेचा फोटो मी थोरल्या घरी धाडून दिला. आठ दिवस उत्तर नाही. नवव्या दिवशी चुलतभाऊ स्वतःच आला. दादांबद्दल तो एक अक्षर बोलला नाही. म्हणाला, आमचा शेंदऱ्या आंबा यात कुठे दिसतो का ते पाहायचे आहे. नकाशात आंबा नव्हता. मग आत्या आणि तो, दोघे मिळून तो कुठे होता यावर दीड तास भांडले. तो म्हणे ओढ्याच्या अलीकडे, ती म्हणे पलीकडे. मधूनमधून दोघेही मला नावे सांगत होते: गावंदर, कुंभाराची पट्टी, धुणवट, म्हसोबाचा माळ. मी लिहीत होतो. यांतले एकही नाव सर्व्हेवाल्यांनी लिहिलेले नाही. त्यांना कोणी सांगितले नसेल, किंवा सांगितले असेल आणि इंचभर मैलात मावले नसेल.

संध्याकाळपर्यंत नकाशात जागा उरली नाही. आंबा शेवटी ओढ्याच्या दोन्ही बाजूंना काढला. भाऊ उठला तेव्हा आत्याने त्याला पुन्हा बसवले आणि शाळेच्या पायवाटेवर बोट ठेवून मला म्हणाली, "हितं लिव्ह. च्यार कोस."

मी लिहिले. खोडरबर तिने आधीच आपल्या चंचीत टाकले होते.