धुराची वाट

टर्बो बसवलेल्या इंजिनाचा एक्झॉस्ट मॅनिफोल्ड, म्हणजे सिलिंडरांतून सुटणारा तप्त वायू एकत्र करून टर्बाइनच्या तोंडापर्यंत नेणारा बिडाचा वाकडातिकडा नळ, खोलून घराच्या अंगणात घ्यावा आणि त्याची आतली खडबडीत वाट घासून प्रशस्त करावी, या उद्योगाला मोटारींच्या शौकीन मंडळींत ‘पोर्टिंग’ म्हणतात. ही मंडळी बहुधा असे समजतात, की हे वेड आपल्याबरोबरच जन्माला आले. वस्तुतः नागपुरात तरी या कामाची वंशावळ वाफेच्या अमदानीपर्यंत मागे नेता येते.

१८६७ साली मुंबईची आगगाडी नागपुरास आली, १८७७ च्या जानेवारीत जमशेटजी टाटांची एम्प्रेस मिल सुरू झाली आणि १८७९ साली मोतीबागेचा रेल्वे कारखाना उभा राहिला. भोसल्यांच्या या जुन्या राजधानीत हत्यारांवर हात बसलेला कामगारवर्ग निर्माण होण्यास या तीन गोष्टी कारणीभूत झाल्या. मुंबई बंदर येथून आठशे किलोमीटरांहून अधिक दूर आणि कलकत्ता त्याहूनही लांब. त्यामुळे विलायतेहून यावयाच्या सुट्या भागाची वाट पाहत यंत्र बंद ठेवण्यापेक्षा आहे तोच भाग कानशीने दुरुस्त करून कामास लावणे, ही येथील फिटरांची अपरिहार्य रीत असली पाहिजे, असे मला वाटते. एम्प्रेस मिलमध्ये तर वरिष्ठांचीच वृत्ती तशी होती: व्यवस्थापक बेझनजी दादाभाई मेहता आणि तंत्रज्ञ जेम्स ब्रुक्सबी यांनी, लँकेशायरचे गिरणीवाले सूत कातण्याच्या ज्या रिंग-चात्यांकडे साशंक दृष्टीने पाहत होते, त्या १८८३ च्या सुमारास नागपुरात आणून चालवून दाखवल्या. यंत्र बनवणाऱ्याचा शब्द अखेरचा नव्हे, ही शिकवण या शहराला अशी आरंभीच मिळाली.

धुराचा प्रश्नही मोतीबागेत फिटरांच्या हाती रोजचाच होता. वाफेच्या इंजिनात सिलिंडरांतील काम संपलेली वाफ ‘ब्लास्ट पाइप’ नावाच्या तोटीतून धुरांड्याखाली वेगाने सोडतात. ती वर जाताना भट्टीतील धूर आपल्याबरोबर ओढते, आणि त्या ओढीने जाळीखालून ताजी हवा शिरून कोळसा भडकतो. आता ही तोटी अरुंद करावी तर ओढ वाढते, पण बाहेर पडू पाहणारी वाफ अडून पिस्टनलाच उलट रेटते. रुंद करावी तर रेटा कमी होतो, पण भट्टी मंदावते. त्याज्य वायूकडून काम तर घ्यावयाचे, परंतु त्याचा मार्ग अडवून इंजिनाचा श्वास कोंडावयाचा नाही, हा जो पेच टर्बोच्या मॅनिफोल्डपाशी आजही सुटता सुटत नाही, तो सातपुड्याच्या अडीच फुटी मार्गावर धावणाऱ्या छोट्या इंजिनांपाशीही तंतोतंत होता. फ्रान्समधील आंद्रे शापलाँ या अभियंत्याने १९२९ साली पॅरिस-ऑर्लेआँ रेल्वेचे ३५६६ क्रमांकाचे इंजिन नव्याने बांधताना वाफेच्या वाटा आतून रुंद व सुडौल केल्या, वर नवी दुहेरी धुरतोटी बसवली, आणि इतर काही सुधारणांसह त्याच इंजिनाची शक्ती दीडपटीहून अधिक वाढवली. शापलाँने केले ते पोर्टिंगच होते, फक्त आगगाडीच्या मापाचे.

दुसऱ्या महायुद्धात पेट्रोलवर नियंत्रण आले आणि मध्यप्रांत व वऱ्हाडातील सर्व्हिस मोटारींच्या पाठीवर कोळशाच्या गॅसच्या टाक्या चढल्या. या गॅसवर इंजिनाची शक्ती निम्म्यापर्यंत उतरे, चढ आला की उतारूंना खाली उतरावे लागे, आणि राख व डांबर यांनी वायूच्या सगळ्या वाटा इतक्या बुजत, की त्या खरवडून मोकळ्या करणे हा मिस्त्रीचा नित्यनेम होऊन बसला. त्या पिढीने गॅसची चाल पुस्तकातून नव्हे, काजळीने भरलेल्या बोटांनी ओळखली. युद्ध संपल्यावर लष्कराचे ‘डिस्पोजल’चे ट्रक बाजारात आले, पुढे टाटा-मर्सिडीजचे युग अवतरले, आणि देशाच्या मध्यावरच्या या शहरातून चारी दिशांना माल जाऊ लागला तसे घाट रोडपासून वाडीपर्यंत मिस्त्रीखाने वाढले.

टर्बोची, म्हणजे धुराच्या जोरावर टर्बाइन फिरवून इंजिनात जादा हवा कोंबण्याची, कल्पना मात्र परदेशची. आल्फ्रेड ब्यूखी या स्विस अभियंत्याने १९०५ साली तिचे पेटंट घेतले. १९२० नंतरच्या दशकात दोन जर्मन जहाजांवर ती बसवल्यावर त्यांची इंजिने १,७५० ऐवजी २,५०० अश्वशक्ती देऊ लागली. त्याच ब्यूखीने पुढे दाखवून दिले, की सगळ्या सिलिंडरांचा धूर एकाच नळात कोंबण्यापेक्षा, ज्यांचे स्फोट एकमेकांपासून दूर आहेत अशांचीच सांगड घालून निरनिराळ्या नळ्यांनी तो टर्बाइनवर सोडावा, म्हणजे एकाचा हुंदका दुसऱ्याच्या घशात अडकत नाही. चार सिलिंडरांत पहिल्या-चौथ्याची आणि दुसऱ्या-तिसऱ्याची जोडी याच न्यायाने जमते.

नागपुरात टर्बो आला तो रुळांवरून. १९६२ पासून अमेरिकेहून आणि १९६४ पासून वाराणसीच्या कारखान्यातून निघालेली २,६०० अश्वशक्तीची डब्ल्यूडीएम-२ इंजिने, दिल्ली-मद्रास मार्गाचे विद्युतीकरण होईपर्यंत येथील फलाटांवर उभी असत. रेल्वेवाले त्यांतल्या टर्बोला ‘टीएससी’ म्हणत. गाडी सुटताना इंधन आधी पोहोचे आणि टर्बोची हवा मागाहून, म्हणून काळ्या धुराचा जो प्रचंड लोट आभाळात चढे, तो पाहिलेल्याला टर्बोचे व्याकरण वेगळे शिकवावे लागत नाही. १९९४ साली सुधारित टर्बो बसवून त्याच जातीचे इंजिन ३,१०० अश्वशक्तीचे झाले.

रस्त्यावरच्या खाजगी गाडीत टर्बो रुळला तो १९९८ ची सफारी आणि २००२ ची स्कॉर्पिओ यांच्या आगेमागे, आणि मग रेल्वेचे हे ज्ञान घरच्या अंगणात उतरले. वाळूच्या साच्यात ओतलेल्या बिडाच्या नळाला आतून शिवण असते, मधूनच गाठी असतात, आणि त्याची भोके सिलिंडर-हेडच्या भोकांशी नेमकी जुळतात असेही नाही. जाणता माणूस प्रथम गॅसकेटचा नमुना तोंडावर ठेवून खूण करतो, कार्बाइडच्या टोकाने ग्राइंडरवर शिवण काढतो आणि जेथे दोन वाटा मिळतात तेथील धार हलकेच गोल करतो. मॅनिफोल्डचे तोंड हेडच्या तोंडाहून किंचित मोठे ठेवावे, म्हणजे मार्गात पायरी आडवी येत नाही. उलट झाले तर धूर तिच्यावर आपटतो. नवशिक्या येथेच फसतो, कारण त्याला आरसा करावयाचा असतो. चकाकीचा येथे लाभ फारसा नाही, कारण काही दिवसांत काजळी तिच्यावर आपला थर देतेच. भिंत मात्र पातळ झाली तर सहाशे-सातशे अंशांच्या उष्णतेत बीड तडकते. सर्वांत मोठा धोका शेवटी उरतो: बिडाचा एक कण आत राहिला तरी मिनिटाला लाखाहून अधिक फेरे घेणाऱ्या टर्बाइनच्या पात्यांना तो पुरतो. म्हणून घासण्याइतकाच वेळ धुण्याला आणि हवेने फुंकण्याला द्यावा लागतो. एवढे करूनही पदरी पडते ते थोडेच, टर्बो किंचित लवकर जागा होतो इतके. शापलाँच्या दीडपटीची आशा येथे धरू नये.

आरटीओच्या दप्तरी इंजिनातील फेरफाराची नोंद लागते, आणि १ एप्रिल २०२० पासून लागू झालेल्या भारत-६ च्या निकषांनी धुराच्या प्रत्येक वळणावर संवेदक बसवले आहेत, हे निराळेच. त्याहूनही या विद्येला खरा अडसर घातला तो कारखानदारांनी. अनेक नव्या पेट्रोल टर्बो इंजिनांत मॅनिफोल्ड स्वतंत्र राहिलेलाच नाही; तो हेडच्याच ओतकामात सामावला असून त्याच्याभोवती पाणी खेळते, आणि टर्बो थेट हेडला बोल्टने जोडलेला असतो. अशा हेडच्या वळणांत ग्राइंडर फार आत जात नाही, आणि गेला तरी पलीकडे पाण्याची भिंत किती जाड आहे हे बाहेरून कळत नाही. त्यामुळे कानस चालवणाऱ्या नागपूरकराला आज जुन्या डिझेल जीपा, ट्रक आणि हिंगण्याच्या कारखान्यातून निघालेले ट्रॅक्टर यांच्याच पंक्तीला बसावे लागते, आणि तेथे त्याला कामाचा तोटा नाही.